खुणेच्या वर बोटभर तेल

वळणात मागची चाकं घसरवत गाडी आडवी घालणं म्हणजे गाडी खाणं, हे मी आधीच सांगून टाकते. ज्याला गाडी जपायची आहे त्याने ती घरी झाकून ठेवावी आणि रविवारी मऊ फडक्याने पुसावी. आमच्या डोंगरावरच्या सर्किटवर जो येतो तो गाडी झिजवायलाच येतो. मागच्या टायरांच्या तारा दुपारपर्यंत दिसायला लागतात. मग क्लच जातो, मग दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचे दात, मग मागच्या चाकांना फिरवणारे दांडे, मग स्टिअरिंगच्या सळयांची टोकं. काही वर्षांनी पत्रासुद्धा मऊ पडतो आणि जॅकवर चढवलेल्या गाडीचं दार लागत नाही. हे सगळं मला मान्य आहे. झिजणं मला चालतं. मोडणं चालत नाही. झीज वापराने होते, मोड निष्काळजीपणाने होते, आणि निष्काळजी माणसाला मी सोडत नाही.

मी सुगेनो फुमियो. गावात आमची लाँड्री आहे. नवरा शिगेहारु इस्त्री करतो आणि रविवारी मला सर्किटवर पाठवून दिवसभर शांततेत बसतो. माझा राग नाकावर असतो असं तो म्हणतो. गावही तेच म्हणतं. म्हणू देत.

माझी पांढरी दोन दारांची गाडी जुनी आहे. तसलीच, पण हिरवी, हांगाईकडे होती. आम्ही दोघांनी त्या एकाच वर्षी घेतल्या आणि तेव्हापासून एकमेकांच्या दाराला दार लावून त्या डोंगरावर आडव्या घालत आलो. हांगाई पूर्वी इमारतींच्या परांच्या बांधायचा. गुडघे गेल्यावर ते सुटलं, आणि सर्किटवरच त्याचं दुसरं काम सुरू झालं. कुणाच्याही गाडीत काही कुरकुर झाली की चावी हांगाईला द्यायची. तो दोन फेऱ्या मारून यायचा आणि सांगायचा, ‘मागचं उजवं बेअरिंग खाल्लंय,’ किंवा ‘काही नाही, तुझी सीटच सैल आहे.’ लोक आपल्या बायकोला चावी देत नाहीत, पण हांगाईला द्यायचे.

त्याची एकच खोड मला सहन होत नव्हती. गाडीची शेपूट फिरवायला तो क्लचला लाथ मारतो. बाकीचेही मारतात, पण हा मारतो ती दार फोडायला निघाल्यासारखी. त्यावरून आमचं दर रविवारी वाजायचं.

सप्टेंबरातली गोष्ट. आमच्या मुलीचं, माहोचं, लग्न ठरत आलं होतं. मुलगा कोसेइ, नगरपालिकेत नोकरी, बोलणं मऊ, चपला काढल्या की त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवणारा. त्याची गाडी सरकारी तपासणीला गेली होती आणि त्याला आइझूला जुन्या मास्तरांकडे जायचं होतं, म्हणून शनिवारी त्याने माझी मागितली. मी कुणाला गाडी देत नाही. त्याला दिली. संध्याकाळी त्याने ती आणून उभी केली तेव्हा मला माझी गाडी ओळखू आली नाही. धुतलेली, चाकांच्या आतसुद्धा पुसलेली, टाकी काठोकाठ, आणि सीटवर योकान मिठाईची पेटी. वर म्हणाला, “आई, फार त्रास दिला तुम्हाला.”

दुसऱ्या दिवशी सर्किटवर पोचल्या पोचल्या मी हांगाईला ते सांगितलं. “जावई असावा तर असा,” म्हटलं. “नाहीतर तू. माझा पाना नेलास तो तेल पुसून आणायचीही अक्कल नाही.”

हांगाई हसला आणि योकानचा मोठा तुकडा तोंडात टाकला. मी नाव नोंदवायला ऑफिसकडे गेले, तोवर टायर तापव म्हणून चावी त्याच्या हातात दिली. तो चार फेऱ्या मारून आला. मग मी बसले.

दक्षिणेकडच्या कोर्सवर एक लांबलचक डावं वळण आहे, उताराचं. तिथे गाडी आडवी धरली की संपतच नाही. दुसऱ्या फेरीला त्याच वळणात माझ्या पायाखाली टक् टक् सुरू झालं. आधी हळू, मग कुणी आतून हातोडी मारावी तसं. मी इंजिन बंद केलं तोवर उशीर झाला होता. तो आवाज ज्याने एकदा ऐकलाय त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. आतली बेअरिंग गेली की इंजिन गेलं.

गाडी ढकलत आणली आणि माझं डोकं फिरलं.

“हांगाई! इकडे ये!”

तो आला. त्याच्या मागून बाकीचेही आले.

“किती वेळा सांगितलं तुला, क्लचला लाथा घालू नकोस? गाढव आहेस का लाथा झाडायला? गिअर खाली टाकताना इंजिन किंचाळलं असेल, तेव्हा कान कुठे होते तुझे?”

“चारच फेऱ्या मारल्या गं मी.”

“चार फेऱ्यांत जीव घेतलास तिचा! चाळीस मारल्या असत्यास तर मला राखच मिळाली असती.”

त्याने पुढे होऊन बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली आणि उन्हात धरून बराच वेळ पाहत राहिला. मला वाटलं, नाटक करतोय. मग त्याने पट्टी जागेवर ठेवली, डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्यांसमोर कमरेतून वाकला.

“माझं चुकलं. गिअर टाकताना घाई झाली.”

एवढ्यावर कुठलीही बाई गप्प बसली असती. मी बसले नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. जमलेल्या सगळ्यांकडे वळून मी म्हटलं, “ऐकलंत ना? याच्या हातात यापुढे कुणी चावी देऊ नका.”

आमच्याकडे एक रिवाज आहे. ज्याने दुसऱ्याचं मोडलं, त्याने आपल्या गाडीतलं काढून द्यायचं. हांगाईने आपल्या हिरव्या गाडीतलं इंजिन काढलं आणि माझ्या गाडीत बसवून दिलं. मी त्याला धन्यवादसुद्धा म्हटलं नाही. उलट पाण्याच्या नळीचा क्लॅम्प सैल ठेवलास म्हणून ऐकवलं.

पुढचे रविवार तो बसने यायचा. सर्किटच्या कठड्यावर डब्यातली कॉफी घेऊन बसायचा. कुणी त्याला चावी दिली नाही. ओगाता म्हणून एक पोरगा आहे, हांगाईने ज्याला आडवी गाडी धरायला शिकवली. तो हांगाई येताना दिसला की चावी खिशात घालून फोनवर बोलायला लागायचा. हे सगळं मी पाहत होते, आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

नोव्हेंबरच्या सुरुवातीला दोन्ही घरांचं पहिलं जेवण ठरलं. उतारावरचं जुनं उपाहारगृह, वेगळी खोली, प्रत्येकासमोर अख्खा भाजलेला लाल मासा. माझ्या अंगात किमोनो होता, त्यामुळे मला धड श्वासही घेता येत नव्हता. कोसेइचे वडील कमी बोलणारे निघाले. आई मात्र मुलाच्या कौतुकाने भरून वाहत होती.

“याला ना, लहानपणापासून एक सवय आहे,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याची वस्तू जशी घेतली तशी परत करणं जमतच नाही. सुधारूनच देणार. तुमची गाडी नेली होती ना, तेव्हासुद्धा.”

“आई, ते जाऊ दे,” कोसेइ लाल होऊन म्हणाला.

“जाऊ दे काय? अहो, पंपावरच्या मुलाने बघितलं, तर इंजिनात तेल खुणेच्या पार वर. अति तिथे माती, खराब होईल म्हणाला. मग हा तिथे उभा राहिला आणि बरोबर खुणेपर्यंत काढून घेतलं. तुम्हाला म्हणून सांगितलंसुद्धा नाही त्याने. केलेलं बोलून दाखवायचं नाही, असं आमच्याकडे आहे.”

माझ्या हातातल्या काड्या माशाच्या डोळ्यावर थांबल्या.

लांब वळणात गाडी आडवी धरली की इंजिनाच्या तळातलं सगळं तेल एका कुशीला जातं. परातीत पाणी घेऊन गर्रकन वळलं की जातं तसं. इंजिनातल्या पंपाच्या तोंडाशी तेल उरत नाही, तो हवा ओढतो आणि आतलं लोखंड लोखंडावर कोरडं घासतं. म्हणून आम्ही डोंगरावरचे लोक खुणेच्या वर बोटभर तेल जास्त भरतो. गाडीच्या पुस्तकात हे नाही. पुस्तकात उलट लिहिलंय. पण त्या पुस्तकवाल्याने आमचं डावं वळण पाहिलेलं नाही. ते बोटभर तेल गुरुवारी मी माझ्या हाताने घातलं होतं, आणि शनिवारी या शहाण्या पोराने ते उभं राहून काढून घेतलं होतं. माझ्या भल्यासाठी.

मला ताट उलथं करावंसं वाटलं. शिगेहारुने टेबलाखालून माझा गुडघा धरला. त्याला काही कळलं नव्हतं, पण माझ्या मानेचा रंग तो ओळखतो. मी हसले. “फार संस्कारी मुलगा आहे हो तुमचा,” म्हटलं, आणि मासा संपवला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी किमोनोत बसून खाल्ला.

तिथून मी थेट हांगाईकडे गेले. तो ओसरीत बसून तुरट काकीफळं सोलत होता आणि दोऱ्यात ओवून वाळायला टांगत होता. अंगणात हिरवी गाडी ताडपत्रीखाली होती. पुढचं तोंड रिकामं, म्हणून वर उचललेलं.

“तुला माहीत होतं,” मी म्हटलं.

“अरे वा, किमोनो. काय माहीत होतं?”

“सोंग करू नकोस! पट्टी दोनदा बघितलीस तू. तेल खुणेवर होतं.”

“केसाचाही फरक नव्हता,” तो म्हणाला. “तू कधी एवढं नेमकं भरत नाहीस. त्यात सकाळी तूच सांगितलंस, पोराने चाकांच्या आतून पुसलं म्हणून. म्हटलं, बॉनेटही उघडलं असणार.”

“मग तोंड का शिवलं होतं? मी एवढी बोंबलत होते!”

“म्हणून तर. दोघांनी एकदम कसं बोलायचं?”

“हांगाई, मी ते फळ सुरीसकट तुझ्या—”

“बस जरा. पाय दुखतील त्या सपातांनी.” त्याने फळ खाली ठेवलं. “इतकी वर्षं तुझ्यासोबत गाडी चालवतोय. तुझ्या तोंडून कुणाचं कौतुक त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. एवढ्या जगात तुला एक माणूस आवडलाय, तोही घालवू? दोन्ही घरं अजून एका पंगतीला बसली नव्हती. तू तिथल्या तिथे फोन लावला असतास. लावला असतास की नाही?”

लावला असता. 

“आणि नसता लावलास तरी जन्मभर ऐकवलं असतंस. नवीन वर्षाला ऐकवलं असतंस, नातवाच्या बारशालासुद्धा ऐकवलं असतंस. मला काय, मला सवय आहे.”

“आणि तुझं नाव? तुला कुणी चावी देत नाही. मीच सांगितलं त्यांना. ते तुला दिसत नाही?”

त्याने खाली ठेवलेलं फळ परत उचललं. “दिसतं ना,” म्हणाला. “कठड्यावर बसून सगळं दिसतं. टायर जातात, क्लच जातो, नावही झिजतं. ते दुकानात नवं मिळत नाही, एवढंच.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यानेच मला जास्त संताप आला. मी टोपलीतलं एक फळ उचलून त्याच्या अंगणात फेकलं. ते ताडपत्रीवर आपटलं. “तू मूर्ख आहेस,” मी ओरडले. “चांगुलपणाची हौस आहे तुला! तुझ्या चांगुलपणाने मला चोर केलं!”

“त्याला सांगू नकोस,” तो म्हणाला. “शपथ घे.”

मी शपथ घेतली नाही. घेतली असती तर पाळावी लागली असती.

घरी येऊन मी किमोनो फेकला आणि रागावायला माणूस शोधत बसले. कोसेइवर रागावले. कुणी विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या इंजिनात हात घालतं का? पंपावरच्या पोरावर रागावले. त्या आईवर रागावले, हांगाईवर तर रागावलेच. सगळ्यांवर रागावून झाल्यावर एकच माणूस उरलं. कोर्सवर उतरण्याआधी दरवेळी पट्टी ओढून बघा म्हणून त्या सर्किटवर मी पोराटोरांना ओरडत असते. ओगाताला तर एकदा त्यावरून रडवलंय. आणि त्या रविवारी मी स्वतः पट्टी बघितली नव्हती. गुरुवारीच तर घातलंय म्हणून बघितली नव्हती. हांगाईचा शब्द न मोडता आणि पोराचं नाव न घेता सांगता येईल असं खरं माझ्याच घरात पडलेलं होतं, आणि ते घशाखाली उतरत नव्हतं.

दक्षिणेकडचा कोर्स त्या महिन्याअखेर बंद होणार होता. त्या उतारावर सौरऊर्जेची पॅनेल्स बसणार होती. शेवटच्या रविवारी झाडून सगळे आले. माहो कोसेइला घेऊन आली होती. हांगाई बसने आला आणि कठड्यावर बसला.

सकाळी गाड्या उतरायच्या आधी सगळे ड्रायव्हर गोल उभे राहतात आणि ऑफिसातला माणूस सूचना सांगतो. त्याचं झाल्यावर मी पुढे झाले. कोसेइ माझ्या शेजारीच उभा होता, हात समोर जुळवून, जसा काही देवळात.

“मला बोलायचंय,” मी म्हटलं. “टोप्या काढायची गरज नाही, मी मेले नाही अजून. सप्टेंबरात माझं इंजिन गेलं. हांगाईने मोडलं म्हणून मी इथे ओरडले. त्याने मोडलं नाही. तेल खुणेवर होतं, खुणेच्या वर नव्हतं. त्या वळणाला ते पुरलं नाही. उतरण्याआधी मी पट्टी बघितली नाही. तुम्हाला सगळ्यांना ओरडणारी मी, आणि मीच बघितली नाही. गाडी माझी, पट्टी माझी, चूक माझी.”

कुणीतरी मागे खिदळलं. मी त्याला नंतर बघून घ्यायचं ठरवलं.

शेजारी कोसेइचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं. पोरगा हुशार आहे. त्याचा चेहरा इस्त्रीच्या चादरीसारखा पांढरा झाला आणि तो एक पाऊल पुढे आला.

“आई, ते तेल तर मी—”

मी त्याच्या पायावर पाय दिला. जाड तळाचा बूट होता, चांगला दाबून दिला. “ड्रायव्हर लोक बोलतायत,” मी म्हटलं. “तू मध्ये बोलू नकोस.”

मग मी हांगाईकडे वळून वाकले. किती वेळ वाकले ते माझ्या कंबरेला विचारा. वर पाहिलं तेव्हा तो माझ्याकडे असा बघत होता की त्याचा राग मला पहिल्यांदाच दिसला. म्हटलं, चला, यालाही राग येतो.

गोल मोडला. मी गाडीचं बॉनेट उघडलं, तेलाचा डबा कोसेइच्या हातात दिला. “ओत.”

तो ओतू लागला. पट्टी बघितली, परत ओतलं, परत बघितली. खुणेला तेल टेकलं आणि त्याचा हात आपोआप थांबला.

“अजून,” मी म्हटलं.

“आई, खुणेच्या वर जाईल.”

“जाऊ दे. अजून.”

त्याने ओतलं. ओतता ओतता त्याने माझ्याकडे पाहिलं. “मला माफ—”

“सांडतंय. नीट धर.”

बोटभर वर गेल्यावर मी झाकण लावलं, आणि पुन्हा त्या विषयावर त्याच्याशी बोलले नाही. आजतागायत बोललेले नाही, आणि हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम आहे.

चावी घेऊन मी कठड्यापर्यंत गेले आणि सगळ्यांच्या देखत ती हांगाईच्या पुढे धरली. तो हलला नाही.

“सांगू नकोस म्हटलं होतं,” तो दातांतून म्हणाला.

“कुणाचं नाव घेतलं मी? घे चावी. का हात जोडू?”

त्याने घेतली. मी त्याच्या डाव्या बाजूला बसले. माझ्या गाडीत त्या सीटवर मी कधीच बसले नव्हते. पहिल्याच वळणाला त्या माणसाने क्लचला अशी लाथ घातली की माझे दात वाजले.

“हळू, मेल्या!” मी ओरडले. “इंजिन तुझंच आहे!”

“इंजिन माझं,” तोही ओरडला, “क्लच तुझा!” आणि परत लाथ घातली. ते लांब डावं वळण आम्ही शेवटचं आडवं घातलं. मी वळणभर त्याला शिव्या देत होते, आणि पायाखाली कसलीही टक् टक् नव्हती.

परत आलो तर ओगाता वाटेत उभा होता. त्याने बराच वेळ चावी हातात फिरवली आणि मग पुढे केली. “काका, माझ्या गाडीत मागून कसला तरी आवाज येतोय. बघता का जरा?”

हांगाईने पॅन्टला हात पुसले. चावी घेतली. आणि मग मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “पट्टी बघितलीस का?”

ओगाताने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी एक शब्दही बोलले नाही.